टॅपिंग म्हणजे चाळे नव्हेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या चवथीला आमच्या फोंड्याकडे एका कार्यक्रमात शेजारचा बारावीतला मुलगा गिटार वाजवत होता. मोकळ्या तारा उगीच झणझणू नयेत म्हणून बहिणीचा केसांचा रबर त्याने पहिल्या फ्रेटजवळ (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) गुंडाळला होता, पिक (तार छेडायची चकती) तळव्यात दाबून उजव्या हाताचं मधलं बोट सरळ बाराव्या फ्रेटवर आपटत होता आणि डावा हात पाचव्या-आठव्यावर. यालाच टॅपिंग म्हणतात. माझ्या अंगावर काटा आला. पण परीक्षक माईकवरून म्हणाले, हे वाजवणं नव्हे, हे हल्लीचे इंटरनेटवरचे चाळे. पोर मान खाली घालून उतरलं. तेव्हापासून मनात खुपतंय म्हणून लिहितोय.

हल्लीचे कसले? १९३२ च्या एका छोट्या फिल्ममध्ये अमेरिकन वादक रॉय स्मेक युकुलेलेवर, म्हणजे गिटारसारख्याच छोट्या वाद्यावर, हेच करताना दिसतो. अमेरिकेत ग्रेच कंपनीच्या गिटारी वाजवून दाखवणाऱ्या जिमी वेबस्टरने तर १९५२ मध्ये दोन्ही हातांनी वाजवायचं शिकवणारं पुस्तकच काढलं. इटलीत व्हित्तोरिओ कामार्देसे पेशाने डॉक्टर, त्याने १९६५ साली टीव्हीवर साध्या अकूस्टिक गिटारवर दोन्ही हात मानेवर ठेवून वाजवलंय, तो व्हिडिओ जरूर बघा. जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडच्या स्टीव्ह हॅकेटने १९७१ च्या रेकॉर्डवर टॅपिंग केलंय. एमेट चॅपमनला तर दोन्ही हातांना गिटार अपुरी पडली म्हणून त्याने १९७४ मध्ये चॅपमन स्टिक हे वेगळं वाद्यच बाजारात आणलं. आणि मग १९७८ मध्ये रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनचा 'इरप्शन' हा गिटारचा तुकडा आला, पावणेदोन मिनिटांचासुद्धा नाही, टॅपिंग त्यात फक्त शेवटी शेवटी, पण तेवढं ऐकून जगभरची पोरं आरशासमोर उभी राहिली. शोध त्याचा नव्हे, पण घरोघर पोचवलं त्यानेच, हे मान्य करायलाच हवं. पुढे १९८५ मध्ये स्टॅन्ली जॉर्डनने जॅझमध्ये एका हाताने सूर आणि दुसऱ्याने साथ वाजवून दाखवली, मला विचाराल तर सगळ्यात अवघड काम तेच.

यात तार छेडायची नसतेच, बोट आपटलं की तार फ्रेटवर बसते आणि सूर निघतो, बोट उचलताना जरासं बाजूला ओढलं की खालच्या बोटाचा सूर वाजतो. आवाज मुळातच बारीक, म्हणून इलेक्ट्रिक गिटार आणि अँप (तिचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) आल्यावरच हे खरं फोफावलं, डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज खरखरीत करणारा इफेक्ट, लावला की बारीक सूरसुद्धा बाकीच्यांच्या बरोबरीला येतात. त्या दिवशी मुलाच्या इलेक्ट्रिक गिटारसमोर नुसता गाण्याचा माईक धरला होता हो! मी पुढच्या रांगेत होतो म्हणून ऐकू आलं, मागच्यांना फक्त टकटक.

चवथ आता दोन महिन्यांवर आली. आयोजकांना हात जोडून विनंती, स्टेजवर गिटारसाठी एक अँप ठेवा, भाड्याने मिळतो. त्या मुलाला पुन्हा नाव द्यायला मी तयार केलंय.

एक वाचक, फोंडा