चॅटनूगाचे अर्धेच कौतुक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या मध्यम शहरांवरील आपल्या पुरवणीतला लेख वाचला. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाचा नदीकाठ, मत्स्यालय, वेगवान इंटरनेट यांचे वर्णन ठीकच आहे. पण हे सारे आपसूक घडले असा समज त्यातून होतो, म्हणून हे पत्र.

जेमतेम एक लाख ऐंशी हजार वस्तीचे हे गाव डोंगरांच्या बेचक्यात, टेनेसी नदीच्या वळणावर वसले आहे. इथल्याच नदीधक्क्यावरून १८३८ मध्ये चेरोकी या मूळनिवासी लोकांना हुसकावून पश्चिमेकडे धाडले गेले. पुढे रेल्वेचे फाटे इथे जुळले आणि त्या फाट्यांसाठीच १८६३ मध्ये यादवी युद्धाच्या मोठ्या लढाया झाल्या. नंतर आल्या ओतशाळा आणि धूर. १९६९ मध्ये देशातली सर्वांत घाण हवा इथलीच, असे खुद्द केंद्र सरकारने जाहीर केले. त्याच वर्षी स्थानिक कायदा झाला, कारखान्यांना १९७२ ची मुदत दिली गेली आणि हवा सुधारू लागली. मत्स्यालय त्यानंतर वीस वर्षांनी, १९९२ मध्ये उघडले. क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे सुशोभीकरण आधी उरकतात!

इंटरनेटचेही तसेच. २०१० मध्ये घरोघरी सेकंदाला एक गिगाबिट वेगाची सोय दिली ती शहराच्या स्वतःच्या वीज मंडळाने. खासगी कंपन्या कोर्टात गेल्या तरी ते हटले नाही. मात्र मंडळाच्या वीजहद्दीबाहेर ही सेवा नेण्याची मुभा राज्याचा कायदा देत नाही.

वॉलनट स्ट्रीट पूल लेखात ‘फिरायला छान जागा’ एवढ्यावरच आटोपला आहे. १८९१ चा हा निळा पोलादी पूल १९९३ पासून पादचाऱ्यांसाठी खुला आहे, हे खरे. पण १९ मार्च १९०६ च्या रात्री जमावाने एड जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणाला तुरुंगातून ओढून आणून याच पुलावर फासावर लटकवले. बलात्काराच्या आरोपाखाली तकलादू पुराव्यावर त्याला फाशी ठोठावली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपील नुकतेच दाखल करून घेतले होते. न्यायालयाने चिडून थेट शेरीफवरच (तिथल्या पोलीसप्रमुखावरच) अवमानाचा खटला चालवला व त्याला कैद झाली. आपल्या साऱ्या इतिहासात त्या न्यायालयाने चालवलेला हा एकमेव फौजदारी खटला. जॉन्सनची शिक्षा रद्द व्हायला मात्र २००० साल उजाडले. २०२१ मध्ये पुलाच्या दक्षिण टोकाला त्याचा आणि त्याच्या दोन कृष्णवर्णीय वकिलांचा, नोआ पार्डन व स्टाइल्स हचिन्स यांचा, पुतळा उभा राहिला. पर्यटक जिथून पुलावर चढतात, नेमक्या त्याच जागी आपला काळा डाग मांडायला धाडस लागते. कौतुक करायचे तर याचे करावे.

शेवटचा मुद्दा आम्हा चाकणकरांच्या जिव्हाळ्याचा. फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला २००९ मध्ये सुरू झाला, चॅटनूगात २०११ मध्ये. चॅटनूगातल्या कामगारांनी २०१४ आणि २०१९ मध्ये कामगार संघटनेचा प्रस्ताव फेटाळला. एप्रिल २०२४ मध्ये मात्र सुमारे ७३ टक्के मतांनी स्वीकारला. संघटनांना वर्षानुवर्षे दारात उभे न करणाऱ्या अमेरिकेच्या दक्षिणेत ही मोठीच घटना, पण लेखात तिच्यावर एक ओळ नाही. पुढच्या भागात गावोगावच्या कामगारांनाही थोडी जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, चाकण (जि. पुणे)