सूचना : पावतीची मेल आणि ऑफरची मेल वेगवेगळी ठेवा

सर्व सभासदांना नमस्कार,

सांगलीतून हळद-बेदाणा ऑनलाइन विकणारे आपण बरेच जण दिवाळीच्या ऑफरच्या तयारीत आहोत. मेल सोडण्याआधी एवढं वाचाच.

गेल्या दसऱ्याला मी जुनी-नवी सगळी यादी गोळा करून एकाच पत्त्यावरून ऑफर पाठवली. अनेकांनी ती स्पॅम ठरवली. मग पैसे भरलेल्या गिऱ्हाइकांच्या पावत्याही स्पॅममध्ये जाऊ लागल्या. दोन किलो बेदाणा मागवलेल्या एका ताईंचा फोन आला, "पैसे गेले, पावती कुठंय?" फार वाईट वाटलं.

म्हणून पावती, ओटीपी, पार्सलची माहिती एका सबडोमेनवरून (आपल्याच वेबसाइटच्या नावाआधी वेगळा शब्द जोडून केलेला पत्ता) आणि ऑफर दुसऱ्यावरून पाठवा. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही नोंदी हव्यात; मेल खरंच आपल्याकडूनच आली का, हे त्यांवरून तपासलं जातं. जीमेलवर रोज ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना त्या फेब्रुवारी २०२४ पासून सक्तीच्या आहेत. आपला आकडा लहान असला तरी लावून घ्या. स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवून त्या मेलच्या मेनूतलं 'शो ओरिजिनल' उघडा, तिन्हींपुढे 'पास' दिसलं पाहिजे.

स्पॅमच्या तक्रारी हजारात तीनपर्यंत गेल्या की अडचण झालीच. हजारात एकाच्या आत ठेवा. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्स या साइटवर जीमेलवरचं हे प्रमाण फुकट बघता येतं. ऑफरमध्ये एका क्लिकचं अनसबस्क्राइब (यादीतून बाहेर पडायची सोय) ठेवा, ते दाबणाऱ्याचं नाव दोन दिवसांत काढा. विकतची यादी तर कुणीच घेऊ नका.

डीएनएस जमत नसेल त्यांनी डोमेनचं लॉगिन हाताशी ठेवून मला फोन करा, बसून लावून देतो.