काकांच्या व्हायोलिनबद्दल

पंचवटी, नाशिक
रविवार

प्रिय शिरीष,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "स्वतः पेटी शिकवतोस आणि घरातली पोरगी हेडफोन लावून गेम खेळत बसते, तिला काही बोलत नाहीस?" क्लासची मुलं दारात उभी होती, म्हणून मी फोन ठेवला. पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच. आज निवांत लिहितो. तुझ्याकडे एक मागणंही आहे.

मेच्या सुट्टीत एका दुपारी मी आडवा झालो होतो. बाहेरच्या खोलीत जान्हवी पेटीवर काहीतरी शोधत होती. तिला मी कधी बळजबरीने शिकवायला बसवलं नाही, चार अलंकार येतात तेवढेच. चार-पाच सूर वाजवायची, थांबायची, परत मागे यायची. अर्ध्या तासाने आत आली आणि म्हणाली, "बाबा, वरचा सापडला. पण त्याच्या खाली अजून एक चाललाय, तो वेगळ्याच वाटेने जातो. तो सापडत नाहीये."

शिरीष, अठरा वर्षं शिकवतोय मी. 'खालचा' मला आजवर कुणी विचारला नव्हता. आपलं गाणं म्हणजे एक सुरावट आणि तिच्यामागे तानपुऱ्याचा षड्ज. दोन सुरावटी एकाच वेळी, एकमेकींना न अडवता चालतात आणि दोन्ही वेगवेगळ्या ऐकायच्या असतात, हे माझ्या कानाला कुणी शिकवलं नाही. चौदा वर्षांच्या मुलीला ते आपोआप ऐकू येत होतं.

ती सुरावट तिच्या गेममधली होती, म्हणून मग मी तिच्याकडून हेडफोन घेतले. 'जर्नी' नावाचा गेम, २०१२ चा. वाळवंटातून एक झगा घातलेली आकृती दूरच्या डोंगराकडे चालत जाते, एवढीच गोष्ट. अख्ख्या खेळात कुणी एक शब्द बोलत नाही, जे बोलायचं ते संगीतच बोलतं. ऑस्टिन विंटरी हा त्याचा संगीतकार. सुरुवातीला चेलो, म्हणजे खर्जातलं मोठं व्हायोलिनच, एकटा एक सुरावट वाजवतो, टीना गुओ या वादक बाईंनी ती वाजवली आहे. पुढे तीच सुरावट निरनिराळ्या वाद्यांतून, निरनिराळ्या वेगात येत राहते आणि शेवटाकडे अख्खा ऑर्केस्ट्रा तिला उचलून घेतो. मला ती बढतच वाटली रे. एक मुखडा घेऊन दीड-दोन तास त्याच्यातून नवंनवं काढत राहायचं. एखाद्या गेमच्या संपूर्ण पार्श्वसंगीताला ग्रॅमीचं नामांकन मिळालं ते पहिल्यांदा यालाच, असं जान्हवीनेच मला सांगितलं.

माझं लक्ष मात्र दुसरीकडेच गेलं. या गेम्समध्ये संगीत खेळणाऱ्याच्या चालण्याप्रमाणे बदलतं. बरेचदा संगीतकार तंतुवाद्यं, फुंकवाद्यं, तालवाद्यं असे थर वेगवेगळे तयार ठेवतो. खेळाडू थांबला की नुसतं व्हायोलिन उरतं, पुढे सरकला की चेलो मिसळतो, धोका जवळ आला की खालच्या पट्टीतली पितळी वाद्यं शिरतात. म्हणजे पोराला ऑर्केस्ट्रा सुटा करून ऐकायला मिळतो, कुठलं वाद्य कधी आलं हे कळतं. आणि कळावंच लागतं, कारण शत्रू दिसायच्या आधी तो ऐकू येतो. इतका जीव लावून माझे किती विद्यार्थी ऐकतात? शिवाय तीच सुरावट महिनोन्‌महिने कानावर पडते. आजीचं बोट धरून मी काळाराम मंदिरात काकड्याला जायचो. तिथे कानात बसलेल्या चालींचे राग मला कितीतरी वर्षांनी कळले. जान्हवीचंही तसंच चाललंय, फक्त देऊळ वेगळं आहे.

आणि आपण दोघं काय करत होतो, आठव. कॉलेज रोडवरच्या त्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून 'मेडल ऑफ ऑनर' खेळायचो. त्याला संगीत देणारा मायकल जियाकिनो पुढे 'अप' या सिनेमासाठी ऑस्करपर्यंत गेला. आपल्या कानांवरून पूर्ण ऑर्केस्ट्रा जात होता आणि आपण नुसत्या गोळ्या मोजत होतो. तो आवाज कशाचा, हे विचारावंसंही वाटलं नाही, याची मला आता खरोखर हळहळ वाटते.

जपानमध्ये तर ही गोष्ट फार आधी सुरू झाली. निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रात आवाजाच्या जेमतेम पाच वाटा होत्या, त्यातही सूर वाजवायला मुख्यतः तीनच. कोइची सुगियामा यांनी १९८६ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट'साठी तेवढ्यातच ऑर्केस्ट्राचा विचार करून रचना केल्या, आणि लगेच १९८७ मध्ये टोकियोत त्या खऱ्या वादकांकडून सभागृहात वाजवून घेतल्या. २०२१ ला टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन आत आले, ते तू पाहिलंस ना? त्या संचलनाचं संगीत गेम्समधलंच होतं, सुरुवात याच 'ड्रॅगन क्वेस्ट'ने झाली होती.

सगळंच चांगलं असतं असं नाही. पुष्कळ गेम्समध्ये नुसता ढोलांचा आणि समूहगानाचा भडिमार असतो. ढोल पथकात खांदे सोलून घेतलेल्या आपल्यासारख्यांना त्यात काही भरीव सापडत नाही. डोळ्यांवर ताण येतो असं तू म्हणतोस, तेही खरं आहे, म्हणून रोजची वेळ ठरवून दिली आहे. पण जिथे काम मन लावून केलंय, तिथून पोरं बाहेर पडून पुढे जातात. 'फायनल फँटसी ७' मध्ये शेवटच्या लढाईला लॅटिन शब्दांचं समूहगान आहे. ते शब्द कुठले म्हणून शोधताना जान्हवी कार्ल ऑर्फच्या 'कार्मिना बुराना'पाशी पोचली, तिथून ड्वोरॅकच्या नवव्या सिम्फनीला. तिच्या दुसऱ्या भागात इंग्लिश हॉर्नची जी संथ सुरावट आहे, ती आता आमच्याकडे जेवताना लागते.

दरबारातलं गाणं चारचौघांत यावं म्हणून पलुस्करबुवांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि उत्तरायुष्यात ते आपल्या पंचवटीत येऊन राहिले. त्यांच्या नावाच्या सभागृहावरून मी रोज जातो. मी कुठल्या तोंडाने पोरीला म्हणू, की या दारातून आत येऊ नकोस?

म्हणून तिला मुंबईला नेलं. एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम होता. पंचवटी एक्स्प्रेसने गेलो, रात्री ताईकडे मुलुंडला राहिलो. काय वाजवलं ते जान्हवी तुला सांगेलच. मला सुरुवातीचं सांगायचंय. सगळे वादक बसले आणि ओबोने एक लांब सूर धरला. त्यावर एकेका विभागाने आपली वाद्यं जुळवली. ओबोला आपल्या सनईसारखीच दुहेरी पत्ती असते, तोच किंचित नाकातला आवाज. मला तानपुरे जुळवतानाची ती शांतता आठवली आणि डोळे भरून आले. जान्हवीने हळूच माझा हात दाबला आणि डावीकडच्या मागच्या रांगेकडे बोट दाखवलं. "बाबा, ते फ्रेंच हॉर्न. डोंगर दिसतो तेव्हा वाजतात ना, ते."

येताना गाडीत इगतपुरी गेल्यावर ती म्हणाली, मला व्हायोलिन शिकायचंय.

आता मागणं. काकांचं व्हायोलिन तुझ्याकडे कपाटावर आहे. काका गेल्यापासून तू त्याची पेटी उघडली नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून विचारायला आठ दिवस लागले. काकांनी ते सा-प सा-प असं जुळवलेलं असायचं. जान्हवीला ते पाश्चात्त्य पद्धतीने जी-डी-ए-ई असं जुळवून शिकावं लागेल, तारा नव्या घालाव्या लागतील, घोडीही बहुधा बदलावी लागेल. यातलं काहीही तुला नको वाटत असेल तर तसं मोकळेपणाने कळव, आम्ही दुसरं बघू. पण चालणार असेल तर कुरियरने पाठवू नकोस. दिवाळीत घेऊन ये आणि पहिली तार तूच लाव.

वहिनींना नमस्कार. छोट्याला आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद