हरळीच्या पाकिटात भलतेच बी निघाल्याबद्दल तक्रार

दि. 22 एप्रिल 2025

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : बर्मुडा लॉन बियाणे न उगवल्याबद्दल व त्यात दुसऱ्या गवताचे बी निघाल्याबद्दल

महोदय,

भंडारा जिल्ह्यात, लाखनी तालुक्यात महामार्ग 53 ला लागून माझे लग्नाचे लॉन आहे. लग्नसराईत स्टेजपुढचे आणि बफेच्या टेबलांखालचे गवत पार घासून निघते. त्या टकलावर नवे गवत यावे म्हणून फेब्रुवारीअखेर तुमचे बर्मुडा बियाणे, म्हणजे आपली हरळीच, पाच किलो घेतले. (यावर गावात भरपूर हसून झाले. लोकांचा जन्म बांधावरची हरळी खोदण्यात जातो आणि मी तिचे बी बिल देऊन आणतो. असो.)

पाकिटावर ‘साल काढलेले बी, उगवणशक्ती 80 टक्के, 7 ते 10 दिवसांत उगवण’ असे छापले आहे. आतल्या कागदावर ‘पेरणीपूर्वी भिजवून मोड आणल्यास उगवण लवकर’ असेही आहे. मोड आणून बी फेकणे आम्हा धानवाल्यांना कोणी शिकवायला नको. बी सुती कापडात सैल बांधून रात्रभर भिजवले, मधे पाणी बदलले, मग पूर्ण निथळून ओल्या गोणपाटात सावलीला ठेवले. आत वाफ धरून बी उबून जाऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ उलटेपालटे केले. पांढरे टोक दिसले की लगेच कोरड्या वाळूत मिसळून फेकायचे, कारण मोड लांबला की हाताळताना तुटतो, हेही ठाऊक होते.

गोणपाट उघडले तेव्हा मोड आले होते, पण फक्त लांबट, टोकदार बियांना. हरळीचे बी खसखशीएवढे असते. हे त्याच्या कितीतरी पट लांब. बारीक बी जसेच्या तसे. नखाखाली दाबले तर नुसती साल चपटी होत होती, आत दाणाच नाही. साल काढलेल्या बियाण्यात साल कुठून आली, हे तुम्हीच सांगा. तरी सगळे बी विंचरलेल्या जमिनीत टाकले, वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर दिला आणि सकाळ-संध्याकाळ झारीने ओल राखली. उगवले ते चकचकीत पानाचे गवत. नर्सरीवाल्याने बघताक्षणी रायग्रास म्हणून सांगितले. ते थंडीचे गवत. हिवाळ्यात हिरवेपणासाठी हरळीवर टाकतात. इथे पारा चाळिशीपार गेला आणि ते पिवळे पडून जळाले. हरळी आलीच नाही.

तुमच्या प्रतिनिधीचे फोनवरचे उत्तर : ‘तुम्ही भिजवले म्हणून बी सडले.’ साहेब, भिजवायला तुमचाच कागद सांगतो! शिवाय न भिजवलेले मूठभर बी मी पाकिटातच राखून ठेवले होते. त्यातले बारीक शंभर दाणे मोजून, धानाची उगवण तपासतो तसे ओल्या गोणपाटात ठेवले. तीन आठवडे झाले तरी अकराच उगवले. 80 कुठे आणि 11 कुठे? त्याच गोणपाटाच्या दुसऱ्या टोकाला टाकलेले मूग दुसऱ्या दिवशी मोडावर होते, तेव्हा पाण्याचा किंवा गोणपाटाचा दोष काढू नये.

आमच्याकडे धानाच्या साध्या पिशवीलाही लॉट नंबर, चाचणीची तारीख आणि वैधता लिहिलेले लेबल असते. तुमच्या पाकिटावर लॉट नंबर आहे, चाचणीची तारीख नाही. हे बी किती वर्षे गोदामात पडून होते, मला कसे कळावे? रायग्रास मुद्दाम मिसळले असेल तर तसे लेबलवर लिहायला हवे होते. मी ते घेतलेच नसते.

बियाण्याची पूर्ण किंमत परत करावी. या लॉटची चाचणी केव्हा व कुठे झाली आणि त्यात कोणत्या गवताचे किती बी आहे, ते लेखी कळवावे. तोच लॉट अजून दुकानात विकायला आहे, तो उचलावा. पावसाळ्यात हरळीचे तुकडे लावून मी जागा भरून घेईन, तुमचे बदली पाकीट नको. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, हेही विचारून ठेवले आहे.

बिलाची झेरॉक्स, पाकिटाचे आणि गोणपाटाचे फोटो जोडले आहेत. उरलेले बी सीलबंद डब्यात ठेवले आहे. तुमचा माणूस आला तर पंचासमोर अर्धे देईन, अर्धे माझ्याकडे राहील.

आपला,
एक ग्राहक
ता. लाखनी, जि. भंडारा