शिबिरासाठी तयार केलंत, त्याबद्दल आभार

आदरणीय सिस्टर, सप्रेम नमस्कार.

संघर्षग्रस्त भागातल्या मदत शिबिरांत काम करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना बलात्कार झालेल्या बाईवर उपचार कसे करायचे आणि पुरावा कसा जपायचा, हे तुम्ही नागपुरात शिकवलंत, त्याबद्दल जाहीर आभार.

सर्वांत कामाचा ठरला तुमचा हट्ट: गोळी आधी, तपासणी मग. फक्त तोंडाचा स्वॅब, म्हणजे कापूस लावलेल्या काडीने पुसून घेतलेला नमुना, घ्यायचा असेल तर तो गोळी-पाण्याआधी. संचारबंदीत बाई दवाखान्यात पोचेपर्यंत दोन दिवस सहज जातात, आणि एचआयव्ही टाळणारं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, पुढे २८ दिवस न चुकता. शिबिर हललं की कोर्स तुटतो. म्हणून सगळ्या गोळ्या पहिल्याच भेटीत हातात द्यायच्या. गर्भ राहू नये म्हणून लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, एकदाच, जमेल तितक्या लवकर. 'आधी पोलिसांची चिठ्ठी आणा' म्हणणाऱ्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ दाखवायचं: दवाखाना सरकारी असो की खासगी, उपचार लगेच आणि मोफत. तपासणीला ती नको म्हणाली तरी औषध द्यायचंच.

स्वॅब ओला असताना पाकिटात गेला की बुरशी धरते, डीएनए नासतो. सावलीत पूर्ण वाळू द्यायचा. आपल्याकडे उन्हाळ्यात हात आपसूक कूलरकडे जातो, पण त्याचा वारा दमट! कपडे वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत, घडीत कोरा कागद, नाहीतर इकडचा डाग तिकडे लागतो. सीलवर सही, तारीख, वेळ. पाकीट कोणाच्या हातून कोणाकडे गेलं याची नोंद तुटली की बचावाचा वकील नेमका तिथेच बोट ठेवतो.

अनेकजणी महिन्यांनी बोलतात. तेव्हा स्वॅबचा उपयोग नसतो, नोंदीचा असतो. 'जखम आढळली नाही' एवढंच लिहायचं, 'बलात्कार झाला नाही' असं कधीच नाही. रवांडातल्या वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९९८ मध्ये आकायेसू या तिथल्या माजी महापौराला दोषी ठरवताना बलात्कार हा वंशसंहाराचा भाग असू शकतो हे मान्य केलं, ते बायकांच्या साक्षींवर. त्या न्यायाधिकरणाच्या नियमांत अशा साक्षीला वेगळी पुष्टी लागत नव्हती. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आमच्यातल्या वकील मैत्रिणीही वही उघडून बसल्या.

तुमचं एका पानाचं टिपण आता गोंडीत करतोय. औषधांच्या मात्रा तेवढ्या एकदा नजरेखालून घालाल का?

आपल्या,
मदत शिबिरांतल्या कार्यकर्त्या, नागपूर