चिनी पत्रिकेचे गणित १ जानेवारीला सुरू होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘चिनी राशिभविष्य’ आले होते. सोबत तक्ता: आपले जन्मवर्ष शोधा, प्राणी पाहा, भविष्य वाचा. तक्त्यात प्रत्येक वर्ष १ जानेवारीला सुरू होते आणि ३१ डिसेंबरला संपते. मी मूळची सांगलीची, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली आणि आता बरीच वर्षे सिंगापूरला राहते. वडील पंचांग घेऊन हाताने पत्रिका मांडत, त्यामुळे ग्रहगणिताची गोडी लहानपणापासूनची. इथे आमच्याच इमारतीतल्या एका चिनी आजोबांकडून त्यांच्याकडची पत्रिका मांडायला शिकले. म्हणूनच तो तक्ता पाहून हे पत्र लिहिल्याशिवाय राहवले नाही.

चिनी पत्रिकेला बाझी म्हणतात. वर्ष, महिना, दिवस आणि तास असे तिचे चार खांब. प्रत्येक खांबात दोन अक्षरे: वर दहा ‘खोडां’पैकी एक (पाच तत्त्वे, प्रत्येकाचे यिन आणि यांग), खाली बारा ‘शाखां’पैकी एक, म्हणजे उंदीर, बैल, वाघ वगैरे. दोन्हींची चक्रे बरोबर फिरतात आणि ६० जोड्यांनी फेरा पुरा होतो. प्रभव ते क्षय अशी ६० संवत्सरे मानणाऱ्या आपल्या वाचकांना हे चटकन कळेल. फरक इतकाच की चिनी लोकांनी साठाचा हा फेरा महिन्याला, दिवसाला आणि तासालाही लावला. म्हणजे एकूण आठ अक्षरे. आपला तक्ता त्यातले एकच छापतो, आणि जानेवारीत जन्मलेल्यांचे तेही चुकवतो.

बाझीतले वर्ष लीचुनला, म्हणजे चिनी वसंतारंभाला बदलते. सूर्याचे सायन भोगांश (वसंतसंपातापासून मोजलेले अंतर) ३१५ अंश झाले की लीचुन. हा बिंदू २२ डिसेंबरच्या सुमाराचे सायन उत्तरायण आणि मार्चमधला वसंतसंपात यांच्या बरोबर मध्यावर पडतो, म्हणून तारीख ४ फेब्रुवारीच्या आसपासच राहते. आपली मकरसंक्रांत निरयन (स्थिर ताऱ्यांवरून मोजलेली) असल्याने शतकांच्या ओघात पुढे सरकत आली, तसे लीचुनचे होत नाही. २०२६ मध्ये लीचुन भारतीय वेळेनुसार ४ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास झाला. चिनी नववर्षाचा सण मात्र १७ फेब्रुवारीला होता. मग १० फेब्रुवारीला जन्मलेले बाळ सर्पाचे की घोड्याचे? सणाप्रमाणे चालणारे सर्प म्हणतील, बाझी मांडणारा घोडा म्हणेल. महिनेही तसेच, सूर्याच्या दर ३० अंशांना बदलणारे. चांद्र तिथीचा तिथे संबंध नाही.

एक पत्रिका मांडूनच दाखवते. १ जानेवारी २०००, दुपारी बारा, गाव हांगचौ. तक्ता म्हणेल ड्रॅगन. पण लीचुन यायचा आहे, म्हणून वर्ष १९९९ चेच: यिन पृथ्वी, ससा. महिना यांग अग्नी, उंदीर. दिवस यांग पृथ्वी, घोडा. तास पुन्हा यांग पृथ्वी, घोडा. ड्रॅगन कुठेही नाही.

आता तीच तारीख, घड्याळात तेच दुपारचे बारा, पण जन्म सिंगापूरचा. इथले घड्याळ १२० अंश रेखांशाचे आणि शहर १०४ अंशांच्या जवळ. म्हणजे सूर्य घड्याळाच्या तासाभराहून अधिक मागे. आकाशात तेव्हा अकराही वाजलेले नसतात. चिनी तास आपल्या दोन तासांचा असतो. अकरा ते एक घोड्याचा, नऊ ते अकरा सर्पाचा. चौथा खांब बदलून यिन अग्नी, सर्प झाला. आजोबा ही दुरुस्ती कटाक्षाने करतात. काही जण घड्याळाचीच वेळ धरतात. मला आजोबांचे पटते, कारण तास सूर्यावरूनच ठरलेला आहे. आपल्याकडचे जुने ज्योतिषीही स्थानिक वेळ काढल्याशिवाय पत्रिकेतले लग्न (जन्मवेळी उगवणारी रास) मांडत नसत. मुंबईचा सूर्य प्रमाणवेळेच्या ३८ मिनिटे मागे असतो, हे त्यांना तोंडपाठ असे. चीनमध्ये तर याला फार महत्त्व आहे, कारण एवढ्या पसरलेल्या देशाला एकच वेळ. उरुम्चीचा सूर्य बीजिंगच्या घड्याळाच्या दोन तासांहून जास्त मागे. त्यातून १९८६ ते १९९१ या काळात तिथे उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे केलेली असत. त्या उन्हाळ्यांतल्या जन्माचा तास आधी वजा करावा लागतो.

आजोबा हे सगळे डाव्या हातावर मोजतात. बारा शाखांच्या जागा बोटांच्या पेरांवर ठरलेल्या आहेत. आपण माळ नसली की पेरांवर जप मोजतो, तसा त्यांचा अंगठा फिरतो. दिवसाचा खांब तेवढा जाड पंचांगातून पाहतात, कारण साठ दिवसांचा तो फेरा महिन्या-वर्षाची पर्वा न करता अखंड चालू असतो. वर्षाच्या खोडावरून महिन्याचे आणि दिवसाच्या खोडावरून तासाचे खोड काढायला मात्र त्यांना कागदही लागत नाही.

फळ सांगताना माणूस कुठला धरायचा? दिवसाचे खोड म्हणजे तो माणूस. वरच्या हांगचौच्या पत्रिकेत तो यांग पृथ्वी आहे, आणि जन्म ऐन हिवाळ्यातला, पाण्याच्या महिन्यातला. ऋतूचे पाठबळ नाही, पण दोन घोडे आणि महिन्याचे खोड अग्नीचे, आणि अग्नी पृथ्वीला पोसतो. शिवाय जोडीला आणखी दोन पृथ्वी. तेव्हा हा माणूस सबळ की दुर्बळ, यावर दोन जाणकारांचे मत वेगळे पडू शकते. थंडीतल्या या पत्रिकेला अग्नीची ऊब हवी, एवढे बहुतेक जण सांगतील. उंदीर आणि घोडा एकमेकांसमोरचे. महिन्याचा खांब माहेरचा, दिवसाची शाखा जोडीदाराची, म्हणून त्या दोन घरांतली ओढाताण इथे वाचतात. मग दशा. जन्मापासून लगतच्या सौर संधीपर्यंतचे, म्हणजे सौर महिना बदलतो त्या क्षणापर्यंतचे दिवस मोजून तीन दिवसांना एक वर्ष धरायचे. या वेळेला मुलगी जन्मली तर पुढे मोजायचे, ६ जानेवारीच्या सकाळपर्यंत, म्हणजे पहिली दशा दीड-पावणेदोन वर्षांची असताना लागते. मुलगा असेल तर मागे, ७ डिसेंबरपर्यंत, म्हणजे आठ वर्षे उलटल्यावर.

केवळ वर्षावरून माणूस जोखणे चीनमध्येच मागे पडले. थांग राजवटीच्या काळातला ली शूचुंग (मृत्यू ८१३) वर्ष-महिना-दिवसावरून भाकीत करी, असे त्या काळचा नामवंत लेखक हान यू याने लिहिलेल्या त्याच्या मृत्युलेखात आहे. पुढे सुंग राजवटीच्या काळापासून दिवसाचे खोड केंद्रस्थानी आले. त्याचे श्रेय श्यू झपिंगला देतात आणि पद्धतीला त्याचेच नाव आहे.

एकट्या वर्षाचा धाक किती लांब जातो, हे जपानने दाखवले. १९६६ हे यांग अग्नी-घोड्याचे वर्ष, आणि त्या वर्षीची मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते अशी तिथली समजूत. १९६५ मध्ये जपानात सुमारे १८ लाख २४ हजार जन्म झाले होते, १९६६ मध्ये १३ लाख ६१ हजार, १९६७ मध्ये पुन्हा १९ लाख ३६ हजार. साठाचा फेरा पुरा होऊन तेच वर्ष २०२६ मध्ये आले. आपल्या पुरवणीत याच वर्षाच्या मुलींचे वर्णन ‘हट्टी, संसाराला जड’ असे छापले गेले, याचे मला मनापासून वाईट वाटले. महिना, दिवस, तास न पाहता पाळण्यातल्या मुलीविषयी असे लिहायला चिनी शास्त्राचाही आधार नाही.

भविष्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे वाचकांनी ठरवावे. माझी विनंती तक्त्यापुरती आहे. पुढच्या वर्षी तो छापायचाच असेल तर १ जानेवारी काढून टाकावा, आणि बाझीसाठी लीचुन, सणासाठी नववर्ष अशा दोन्ही तारखा द्याव्यात. २०२७ साठी त्या अनुक्रमे ४ आणि ६ फेब्रुवारी आहेत. आणि अग्नी-घोड्याच्या मुलींविषयीचे ते वाक्य पुढच्याच रविवारी मागे घ्यावे.

आपली,
एक वाचक, सिंगापूर