‘व्हीजेटीआय मिळेल का?’ : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : अभियांत्रिकी प्रवेशाच्या पहिल्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीपूर्वी जागांचे सराव वाटप जाहीर करण्याबाबत आणि मागील वर्षांचे कटऑफ वापरता येतील अशा स्वरूपात देण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षे गणित शिकवले. निवृत्तीनंतर दर जून-जुलैत नौपाड्यातल्या माझ्या घरी बारावी झालेली मुले आणि त्यांचे आईवडील येतात. कोणी कळव्याहून, कोणी वागळे इस्टेटमधून, तर कोणी ट्रान्स-हार्बरच्या लोकलने कोपरखैरणे आणि नेरूळहून. हातात सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा निकाल असतो, दशांशचिन्हापुढे सात आकडे असलेला, आणि प्रश्न एकच असतो. एवढ्यावर व्हीजेटीआय मिळेल का? सीओईपीला कॉम्प्युटर लागेल का? आयसीटीला केमिकल मिळण्याची आशा धरावी का? मुंबईतल्या व्हीजेटीआय व आयसीटी आणि पुण्यातल्या सीओईपी या नावाजलेल्या तंत्रशिक्षण संस्थांबद्दलच्या या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मी देऊ शकत नाही, क्लासवालेही देऊ शकत नाहीत. आपल्या विभागाकडे मात्र ते देण्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी माहिती आहे, आणि म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे आता बहुतेक पालकांना ठाऊक असते. पर्सेंटाइल हे त्या त्या वर्षीच्या गर्दीतले स्थान असते आणि गर्दी दरवर्षी बदलते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. परीक्षेला ३ लाख मुले बसली तर ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे साधारण ३,००० मुले असतात. ४ लाख बसली तर ४,०००. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधल्या एखाद्या शाखेच्या जागा परीक्षार्थी वाढले म्हणून वाढत नाहीत. त्यामुळे गेल्या वर्षी ९९ वर मिळालेली शाखा यंदा ९९ वर मिळेलच असे म्हणण्याला काहीही आधार नसतो. सीईटी कक्षाच्या कटऑफ याद्यांत गुणवत्ता क्रमांक आणि कंसात पर्सेंटाइल असे दोन्ही छापलेले असते, पण पालकांची नजर कंसावरच खिळते, कारण निकालाच्या कागदावर त्यांनी तोच आकडा आधी पाहिलेला असतो. वैद्यकीय प्रवेश आपल्या खात्यात येत नाहीत, तरी एक उदाहरण देते. नीटमध्ये २०२४ साली ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे एकाहून अनेक होते, तर २०२५ साली देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते. कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचा आदल्या वर्षीचा गुणांचा कटऑफ समोर ठेवून ज्यांनी २०२५ मध्ये आशा सोडली असेल, त्यांनी एका वर्षाची फूटपट्टी दुसऱ्या वर्षाला लावली.

दुसरी अडचण जागांच्या संख्येची आहे, आणि गणिताची शिक्षिका म्हणून मला ती सर्वांत अधिक खुपते. ६० जागांच्या शाखेत भटक्या जमाती (ड) प्रवर्गाच्या २ टक्क्यांप्रमाणे १.२ जागा होतात आणि भटक्या जमाती (ब) च्या २.५ टक्क्यांप्रमाणे दीड. त्यात मुलींसाठीचे ३० टक्के, गृह विद्यापीठ (विद्यार्थी जिथून बारावी झाला त्या भागाचे विद्यापीठ) आणि गृह विद्यापीठाबाहेरचे असे आणखी भाग पडतात, तेव्हा कित्येक रकान्यांत एकच जागा उरते, कित्येकांत तीही नसते. अशा ठिकाणी ‘कटऑफ’ म्हणून जो आकडा छापला जातो, तो एका मुलाचा किंवा एका मुलीचा गुणवत्ता क्रमांक असतो. त्या एकाच मुलीने माटुंग्याऐवजी पुणे पसंत केले असते, तर तो आकडा हजारोंनी सरकला असता. एका निरीक्षणावरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधू नये, हे आपण अकरावीच्या मुलांना संख्याशास्त्रात शिकवतो. त्याच मुलांनी बारावीनंतर नेमके तेच करावे, अशी वेळ आपण त्यांच्यावर आणतो. आरक्षित प्रवर्गांतील मुलांच्या वाट्याला हे सर्वाधिक येते, कारण त्यांच्याच रकान्यांतल्या जागा सर्वांत कमी असतात.

त्यात नियमही बदलत गेले आहेत. २०२४ पासून सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गासाठी १० टक्के आरक्षण लागू झाले, त्यामुळे २०२३ चे खुल्या प्रवर्गाचे कटऑफ नंतरच्या वर्षांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. २०२५ मध्ये कॅपच्या फेऱ्या तीनऐवजी चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीन आणि तिसरीत पहिल्या सहा पसंतींपैकी जागा मिळाली तर ती स्वीकारणे बंधनकारक झाले. सीईटी वर्षातून दोनदा घेण्याचा निर्णयही जाहीर झाला आहे, आणि दोन प्रयत्नांतले सरस गुण धरले की पर्सेंटाइलचा जुना अर्थ आणखी पातळ होतो. यातला कोणता निर्णय बरोबर आणि कोणता चूक, हा या पत्राचा विषय नाही. मी एवढेच निदर्शनास आणते की प्रत्येक बदलाने जुने कटऑफ आणखी निरुपयोगी होतात, आणि पालकांच्या हाती असतात ते जुने कटऑफच.

तरीही हा प्रश्न सुटण्याजोगा आहे. अमेरिकेतील हार्वर्डसारख्या विद्यापीठात शंभर अर्जदारांतल्या पाचांनाही प्रवेश मिळत नाही. तेथे निबंध, शिफारसपत्रे, अभ्यासाबाहेरचे काम असे सगळे पाहून निवड होते, म्हणून एखाद्या मुलाची शक्यता कोणालाच मोजून सांगता येत नाही. आपल्याकडे तसे नाही. कॅपमध्ये जागा ठरते ती गुणवत्ता क्रमांक, प्रवर्ग आणि विद्यार्थ्याचा पसंतीक्रम यांवरून, आणि तीही संगणकाने. ज्याचा क्रमांक वर त्याचा पसंतीक्रम आधी पाहिला जातो आणि त्यातली जी पहिली मोकळी जागा असेल ती त्याला मिळते. हे गणित आहे. ते सोडवायला लागणारे सगळे आकडे एकाच ठिकाणी, शासनाकडे, असतात.

ते आकडे बाहेर मिळत नाहीत म्हणून अंदाजांचा बाजार भरतो. ठाणे स्टेशनपासून राम मारुती रोडपर्यंत आणि तिकडे वाशीच्या सेक्टर १७ मध्ये जूनमध्ये प्रवेश-समुपदेशनाच्या पाट्या दिसतात. त्यांत प्रामाणिक माणसेही आहेत. पण मोबाइलवरचे एखादे ॲप ‘शक्यता १२ टक्के’ असे सांगते तेव्हा ते १२ कुठून आले, किती वर्षांच्या कोणत्या फेरीवरून आले, नवे नियम त्यात धरले आहेत की नाहीत, यातले काहीच कळत नाही. २०२५ मध्ये माझ्याकडे कळव्याचा एक मुलगा आला, तोवर त्याचा पसंतीक्रम भरून झाला होता. वडील वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यात लेथवर काम करतात. कुठल्याशा समुपदेशकाला त्यांनी काही हजार रुपये मोजले होते. ‘ही शाखा तुम्हाला मिळणार नाही, उगाच जागा अडवू नका,’ असे सांगून त्या समुपदेशकाने मुलाला सर्वांत हवी असलेली शाखा यादीतून काढायला लावली होती. शेवटच्या फेरीत ती शाखा त्याच प्रवर्गात त्याच्या मागच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला मिळाली. मुलगा आज दुसऱ्या महाविद्यालयात मन लावून शिकतो आहे. त्याचे वडील मात्र अजूनही भेटले की विचारतात, ‘बाई, नुसते लिहून ठेवले असते तर?’

नुसते लिहून ठेवले असते तर काहीही बिघडले नसते. यादीत वर लिहिलेला कठीण पर्याय मिळाला नाही, तर संगणक पुढच्या पर्यायाकडे जातो आणि खालच्या पर्यायाची संधी तिळमात्र कमी होत नाही. म्हणून पसंतीक्रम लावताना शक्यतेचा विचारच करू नये. जे सर्वांत हवे ते सर्वांत वर, मग त्यानंतरचे. सक्तीच्या स्वीकृतीच्या नियमामुळे तर हे आणखी महत्त्वाचे झाले आहे, कारण पहिल्या ओळीत जे लिहाल ते पहिल्याच फेरीत गळ्यात पडू शकते, तेव्हा तेथे खरोखर हवे तेच लिहायला हवे. शक्यतेचा विचार करायचा तो यादीच्या तळाशी : खात्रीने मिळतील असे पुरेसे पर्याय खाली आहेत की नाहीत, एवढ्यापुरता. ही चार वाक्ये सोप्या मराठीत, एका काल्पनिक विद्यार्थ्याच्या उदाहरणासह, पर्याय भरण्याच्या पानावरच छापली, तर दरवर्षी कित्येक मुलांचे नुकसान टळेल. माहिती पुस्तिकेच्या नियमांत ती कुठेतरी दडलेली असणे पुरेसे नाही.

माझी मुख्य मागणी मात्र सराव वाटपाची आहे. आयआयटी आणि एनआयटी यांच्या प्रवेशांसाठी २०१५ पासून काम करणारी जोसा ही यंत्रणा पर्याय कायम करण्याच्या मुदतीपूर्वी सराव वाटप जाहीर करते : आजपर्यंत सर्वांनी भरलेले पर्याय धरले, तर तुम्हाला आज कोणती जागा मिळाली असती, हे प्रत्येकाला दिसते. त्यानंतर पर्याय बदलायला वेळ असतो. हा अंदाज मागच्या वर्षाच्या मुलांवरून काढलेला नसतो. याच वर्षाचे नियम, याच वर्षाच्या जागा आणि याच वर्षाची मुले त्यात असतात. मी ज्या मुलांचे कॅपचे अर्ज पाहिले, त्यांतल्या कोणालाही असे काही मिळालेले नाही. ते मिळू लागले, तर ‘मिळेल का’ या प्रश्नाचे उत्तर कळव्याच्या त्या मुलाला विकत घ्यावे लागणार नाही. त्यासोबत प्रत्येक शाखेचा त्या सराव फेरीतला शेवटचा गुणवत्ता क्रमांक जाहीर करावा. कोणाचे नाव उघड करण्याची गरज नाही.

यावर प्रशासनाकडून वेळेचा मुद्दा येईल, आणि तो खोटा नाही. प्रवेश लांबतात, वर्ग उशिरा सुरू होतात आणि पालक त्रासतात. पण पर्याय भरण्याच्या मुदतीतच, शेवटच्या दोन-तीन दिवसांआधी, सराव वाटप करता येईल. वाटपाची संगणकप्रणाली तर प्रत्यक्ष फेरीसाठी लागतेच. काही जण शेवटच्या दिवशीच अर्ज भरतात, काही जण इतर प्रवेश मिळाल्यावर निघून जातात, त्यामुळे सराव वाटप आणि खरे वाटप यांत फरक पडेल. तो पडेल, असे त्या पानावर ठळक अक्षरांत लिहावे. चुकण्याची शक्यता स्वतःहून सांगणारा अंदाज मुलांना समजतो. निकालाची वाट पाहताना त्यांनी त्याहून पुष्कळ अनिश्चितता सोसलेली असते.

दुसरी मागणी लहान आहे. गेल्या पाच वर्षांच्या प्रत्येक फेरीचे कटऑफ आज पीडीएफच्या शेकडो पानांत विखुरलेले आहेत. जीओपीईएनएस, एलओपीईएनएच असे सांकेतिक शब्द उलगडत, भिंग घेऊन बसल्यासारखे आम्ही ते वाचतो. ते सगळे एका तक्त्यात, गुणवत्ता क्रमांकासह, त्या रकान्यात किती जागा होत्या आणि त्या वर्षी कोणता नियम बदलला यांच्या नोंदीसह द्यावे. जेथे एक किंवा दोनच जागा होत्या, तेथे तो आकडा अंदाजासाठी वापरू नये, अशी खूण करावी. जिल्ह्यातील सुविधा केंद्रांवर, म्हणजे इथे ठाण्यात आणि नवी मुंबईतही, हा तक्ता समजावून सांगणारी एक व्यक्ती फेऱ्यांच्या काळात संध्याकाळी सात-आठपर्यंत बसावी. लेथवर काम करणारा बाप दुपारी बारा वाजता येऊ शकत नाही. माझ्यासारखे निवृत्त शिक्षक या कामासाठी विनामोबदला यायला तयार आहेत, आणि मी स्वतः ठाण्यातल्या कोणत्याही केंद्रावर यायला तयार आहे.

पुढील प्रवेश वर्षाची माहिती पुस्तिका आणि वेळापत्रक अंतिम होण्यापूर्वी सराव वाटपाबाबत सीईटी कक्षाला निर्देश द्यावेत, आणि ते शक्य नसल्यास त्याचे कारण जाहीर करावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका
नौपाडा, ठाणे (पश्चिम)